कुमुदबायचं भ्या

मने, फोन कानाशी नीट धर. लांबून बोललं की मला सुचत नाही, आणि तुझा कानही धरता येत नाही. तू पालघरला, मी बोईसरला, मधे काय ते एकटं उमरोळी स्टेशन. तेवढं अंतर तुला वर्षभर तोडता येत नाही? बरं, ते राहू दे. काल फोनवर हसत हसत काय म्हणालीस? "मावशी, पोरांसाठी कासव आणलंय, एवढंसं. पण हल्ली त्याची पाठ मऊ लागते, दाबली की दबते. गंमतच आहे!"

गंमत? माझ्या हातातली वाटी खाली पडली. विचारलं, ठेवलंय कशात? तर म्हणे प्लॅस्टिकच्या डब्यात, मधे प्लॅस्टिकचं नारळाचं झाड. खायला काय? सुकट. ऊन? "टीव्हीजवळ असतं ना, उजेड असतो." अगं, टीव्हीच्या उजेडात कुणाची हाडं घट्ट होतात का? मी तुला ओरडले नाही. मला कुमुदबाय आठवली. आज ती असती तर चप्पल न घालता पालघरला तुझ्या दारात येऊन उभी राहिली असती. ती नाही, म्हणून मी तुला तिची गोष्ट सांगते. शेवटपर्यंत ऐक. मधे पोळ्या लाटायला उठू नकोस.

आमच्या इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर आणि बरोबर आमच्या खाली कुमुदचं दुकान. कुमुद राऊत. माहेर एडवणचं, सासर शिरगावचं, म्हणजे समुद्राचं बोट सोडून कधी लांब गेलेली नाही. उंचीनं माझ्या खांद्याएवढी, केसांचा घट्ट अंबाडा, कमरेला नेहमी एक जुना टॉवेल खोचलेला. दुकान तिच्या नवऱ्यानं काढलेलं, मधुकरनं. आधी काचेच्या पेट्यांत रंगीत मासे, मग लव्हबर्ड आणि परदेशी पोपट, मग कासवं, आणि मग कुणाच्या तरी नादानं तो हिरवा इग्वाना. म्हणजे मोठ्या सरड्यासारखा, गळ्याखाली कातडीची झोळी आणि पाठीवर करवतीसारखे काटे. मधुकर हौशी माणूस, पण घाईचा. पेटी दिसायला छान झाली की त्याचं काम संपलं. आत जे राहतं त्याला काय लागतं, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. एक दिवस दुकानातच छातीत कळ येऊन तो गेला, आणि दुकान कुमुदच्या गळ्यात पडलं.

आता गंमत ऐक. खरी गंमत. ही बाई पालीला भ्यायची. भिंतीवर पाल दिसली तर चुलीवरचं कालवण टाकून बाहेर यायची. तिला दुकानात जाऊन सरड्याला चारा घालायचा होता! मधुकरचे दिवस उरकल्यावर तिनं पहिल्यांदा दुकान उघडलं, आणि पाच मिनिटांत धापा टाकत माझ्या दारात.

"काकू, मला नाय जमायचा ता. त्यो माज्याकडं बगतो."

"अगं, डोळे आहेत तर बघणारच."

"एका डोल्यानं बगतो, काकू! दुसरा मिटलेला. कंपनीतला सायेब कामगाराकडं बगतो ना, तसा."

तेव्हापासून त्याचं नाव साहेब पडलं. आमचे हे कारखान्यातून निवृत्त झालेले, ते खाली जाऊन बघून आले आणि म्हणाले, "बरोबर आहे. आमचा जनरल मॅनेजर अगदी असाच बसायचा."

मी तिला म्हटलं, विकून टाक. तीही तेच ठरवून होती. पण विकायच्या आधी तिच्या लक्षात आलं की फांदीवर चढताना साहेबाचे मागचे पाय कापतात, आणि पाला चावताना जबडा रबरासारखा वाकतो. भीत भीत, टॉवेलमध्ये गुंडाळून, तिनं त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. परत आली ती रडत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या प्राण्याला ऊन लागतं, नुसता उजेड नाही. उन्हातलं जे काही अंगाला लागून हाडं धरतात, तेच त्याला मिळालेलं नाही. काचेतून येणाऱ्या उन्हात ते नसतं. हाडं आतून विरत चालली होती, आणि हे सगळं पेटी छान दिसत असताना.

"मरणार व्हता, काकू. माज्या डोल्यांसमोर. आणि मी फक्त भीत व्हते."

त्यानंतर तिनं साहेबाला विकलं नाही. भीती गेली म्हणून नव्हे गं. भीती आहे तिथंच होती. तिनं त्या भीतीलाच कामाला लावलं.

कसं, ते सांगते. तिची आई एडवणला बाळंतिणींचं करायची. मालिश, शेक-शेगडी, ओव्याची धुरी, बाळाची आंघोळ, सगळं. कुमुद लहानपणी आईच्या मागून शेगडी घेऊन घरोघर फिरलेली. तान्ह्या बाळाला ताप आहे की गारठा, हे आई तळहातानं कधी बघायची नाही, हाताच्या पाठीनं बघायची. तळहात कामानं राठ होतो, पाठ खरं सांगते, म्हणायची. तर कुमुद रोज सकाळी शटर वर केलं की प्रत्येक काचेला हाताची पाठ लावत जायची. पेटीच्या एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडे उष्णतामापक लावलेले होते, तरी हात लावायचीच. मी विचारलं, "दोन टोकांना कशाला गं?"

"त्याला घाम येत नाय, काकू. आपल्यासारका आतून गरमही व्हत नाय. त्याला चालत जाऊन ऊन घ्यायचा आसतो, आणि चालत जाऊन सावली. आपण दोनी ठेवायची. कुटं बसायचा ता त्याचा त्यो ठरवील."

एवढं बोलून ती स्वतः दारापाशी जाऊन बसायची. कारण तोवर साहेबानं तिच्याकडे एक डोळा केलेला असायचा.

त्याच्यासाठी तिनं खास दिवा आणला, उन्हाचा. तो दिवा चांगला पेटत असतानाच काढून नवा लावायची. आमचे हे म्हणाले, "कुमुद, हा तर लख्ख चालतोय." ती म्हणाली, "काका, दिसायला पेटतो. आतला ऊन कदीच सपला." मला ते वाक्य आवडलं. कितीतरी माणसांना लागू पडतं.

गिऱ्हाईकांची ती अशी उलटतपासणी घ्यायची की मुलगी बघायला आलेल्यांनी घाबरून चहा न पिता जावं. एकदा कारखान्यातले एक अधिकारी आले, गाडीतून. केबिनमध्ये टेबलावर काचेच्या वाडग्यात कासव ठेवायचं होतं, बरकत येते म्हणून.

"वाडगा केवडा?"

त्यांनी दोन्ही हातांनी दाखवला.

"सायेब, तुमाला आंगोलीच्या बादलीत बसवला आणि सांगितला, आता इतंच ऱ्हा, तर तुमच्या घरात बरकत येईल का?"

ते म्हणाले, "अहो, कासवच आहे. त्याला काय कळतं?"

"ता ताटलीएवडा व्हतो. मोटा झाला की तुमी काय करणार ता मला म्हायती हाय. तल्यात सोडणार. मंग ता आपल्या तल्यातल्या कासवांचा खाणार, न्हायतर स्वता मरणार. मला रातीला झोप नाय येत, सायेब. तुमी मासे घ्या."

मासेही त्यांनी घेतले नाहीत. जाताना म्हणाले, "दुकान चालवायचंय की बंद करायचंय, बाई?" ते गेल्यावर कुमुद स्टुलावर बसली आणि टॉवेलनं कपाळ पुसत राहिली. मोठ्या माणसांनाही ती तेवढीच भ्यायची. तपासणीला कुणी येणार कळलं की दोन दिवस जेवण जायचं नाही. परवान्याची पाटी रोज पुसायची. सगळं नियमानं होतं गं, पेट्यांची मापं, पाणी, आजारी जनावराला वेगळी जागा. तरी भ्यायची. मी चिडून म्हटलं, "किती भिशील?" तर म्हणाली, "भ्या वाटला पायजे, काकू. भ्या गेला की हात विसरतो."

आणि मासवणचा तो माणूस! डोंगराकडचा, पावसाची शेती करणारा, हंगाम संपला की वीटभट्टीवर जाणारा. तांदळाची गोणी पाठीवर टाकून दारात उभा. मी तिथंच होते, पोपटांना हिरवी मिरची द्यायला गेले होते.

"बाय, घोरपड हाय. जिती. घे का?"

कुमुद स्टुलावरून उठली ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. गोणी हलत होती. "दादा, ही इकायची नसते. पकडायचीबी नसते. तुला आणि मला दोगांनाबी आत टाकतील."

तो माणूस तिच्याहून जास्त घाबरला. त्याला माहीतच नव्हतं. एकानं सांगितलं होतं, बोईसरला जनावरांचं दुकान आहे, तिथं घेतात. आता गोणी टाकून पळायलाही त्याला जमेना आणि उचलायलाही. कुमुदनं त्याच्यापुढे चहा ठेवला. लांबून, हात पुरेल तेवढ्या लांबून. मग विचारलं, "कुटं घावली?" आणि मग ही बाई, जी पालीला भिते, दुकान बंद करून त्याच्याबरोबर रिक्षात बसली. जिथून आणली तिथंच सोडून यायला. रिक्षावाल्यानं पुढं बरेच दिवस ती गोष्ट नाक्यावर सगळ्यांना सांगितली. गोणी मधे खाली, तो माणूस एका कडेला, आणि कुमुद दुसऱ्या कडेला दोन्ही पाय सीटवर घेऊन, डोळे मिटून, सगळ्या देवांची नावं घेत. पण गोणीचं तोंड सारखं उघडून बघ म्हणून सांगत होती म्हणे. "दादा, तिला वारा लागतो का बग. गोणीत कोंडली तर मरंल."

कोंडली तर मरेल. हे तिचंच वाक्य आहे, मने. लक्षात ठेव.

आता मला जे सांगायचं नाही ते सांगते. त्या वर्षी थंडीत अवकाळी पाऊस आला. वारं असं सुटलं की नाक्यावरचं झाड तारांवर आडवं झालं आणि आमच्या बाजूची वीज गेली. एरवी वीज गेली की कुमुदचा इन्व्हर्टर वेळ मारून न्यायचा. पण ही वीज येईचना. ढग हटेनात, ऊन नाही, गार वारा. पहिला दिवस तिनं गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेट्यांत ठेवल्या. बाटल्या माझ्या गॅसवर भरायची, जिन्यावरून खाली-वर. इन्व्हर्टर संपला. संध्याकाळी वर आली तेव्हा तिच्या ओठांना रंग नव्हता. "काकू, सायेब हलत नाय. पेटीला हात लावला, तर काच गार, आणि टावेलातून त्योबी गार." मी म्हटलं, "सकाळी वीज येईल, झोप." ती खालीच, दुकानात झोपली.

सकाळी मी उठले आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चहा टाकला. दुधाचं पातेलं उतरवलं. काय चुकतंय ते कळेना. मग कळलं, की खाली सगळं गप्प आहे. रोज सकाळी लव्हबर्डचा आणि पोपटांचा एवढा कालवा असतो की आमचे हे गजर लावत नाहीत. आज एक पाखरू बोलत नव्हतं. म्हटलं, गारठली असतील बिचारी.

आणि मग खिडकीतून वास आला. ओव्याचा. निखाऱ्यावर टाकलेल्या ओव्याचा, बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा, गोडसर, घरगुती. माझ्या मनात आलं, कोण बाळंत झालं? वरच्या मजल्यावरची सून तर माहेरी गेलेली. समोर सगळी म्हातारी. इमारतीत एकही तान्हं बाळ नाही, मग ओव्याची धुरी कोण देतंय?

मने, मग मला कुमुदच्या आईची शेगडी आठवली. मी यांना हाकही मारली नाही, तशीच जिना उतरले. शटर खालपर्यंत बंद. आतून कडी. फटीतून धूर येत नव्हता, नुसता वास आणि ऊब. वारा लागू नये म्हणून तिनं फटीत गोणपाट कोंबलं होतं. मी शटर बडवलं, "कुमुद! ए कुमुद!" आतून काही नाही. मागच्या खोल्यांत कारखान्यात काम करणारे दोघं राहतात, उत्तरेकडचे. ते दात घासत होते. त्यातला एक धावत आला. "चाची, हटो, हटो आप." त्यांनी पहार घालून शटर उचकटलं.

आत मधोमध शेगडी, लालबुंद. तिच्या आईची असावी, तसली जुनी. चारी बाजूंनी पेट्या ओढून जवळ आणलेल्या, जशी बाळंतिणीची खाट शेगडीजवळ ओढतात. आणि दारापाशी कुमुद, जमिनीवर, एक हात शटरकडे. दोघांनी तिला उचलून रस्त्यावर आणलं. पाऊस भुरभुरत होता. तो तोंडावर पडला आणि तिनं श्वास घेतला. असा श्वास की मला अजून ऐकू येतो.

डोळे उघडून पहिला शब्द, "सायेब?"

पेट्या बाहेर काढल्या. साहेब जिवंत. एक डोळा अर्धा उघडून त्यानं आमच्याकडे बघितलं, जणू आम्हीच त्याची झोपमोड केली. कासवंही जिवंत. ही जनावरं श्वास हळू घेतात, त्यांना निखाऱ्यांचा तो कोंडलेला वायू उशिरा चढतो, असं डॉक्टर नंतर म्हणाले. कुमुद हसायला लागली. हसता हसता तिनं मान वळवली, आणि तिला ऐकू आलं. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही.

पाखरं सगळी पिंजऱ्यांच्या तळाशी होती. एकूण एक. पाखराला सगळ्यांत आधी चढतो तो.

मने, ती पाखरं तिची लाडकी होती. त्यांना ती कधी भ्यायली नाही. खांद्यावर बसवून घ्यायची, ओठातून दाणा द्यायची. दवाखान्यातून आल्यावर किती दिवस ती रिकामे पिंजरे घासत बसायची. मग एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसून, भिंतीकडे बघत म्हणाली, "काकू, त्यांचा मला भ्या नव्हता ना. म्हणून त्यांची आटवणच नाय झाली." मी तिला जवळ घेतलं. तिनं शेगडी पेटवली ती मायेनं. आईनं शिकवलेली तेवढीच ऊब तिला माहीत होती. बाळंतिणीच्या खोलीला निदान कौलं असतात, वारा फिरतो. शटरला ते कुठलं!

दुकान तिनं बंद केलं. जनावरं जो येईल त्याला देऊन टाकली नाहीत, प्रत्येकाचं घर जाऊन बघून आली. साहेबासाठी मुंबईकडची प्राणी सांभाळणारी एक संस्था मिळाली. त्यांची गाडी आली त्या दिवशी दुपारी मी खाली उतरले. साहेब जाळीच्या पेटीत, खाली मऊ फडकी. कुमुदनं सवयीनं कमरेचा टॉवेल काढला, हाताला गुंडाळला. इतक्या वर्षांत तिनं त्याला उघड्या हातानं कधी शिवलं नव्हतं. मग थांबली. टॉवेल सोडून माझ्याकडे दिला. पेटीचं दार उघडलं, आणि हात आत घातला. हाताची पाठ, साहेबाच्या पाठीवर, काट्यांच्या कडेला.

हात थरथर कापत होता. कोपरापर्यंत. भीती गेली नव्हती गं, तसूभरही. साहेबानं एक डोळा उघडला, तिच्याकडे बघितलं, परत मिटला. तिनं हात काढला नाही.

"गार नाय, काकू," म्हणाली. "बरा हाय."

गाडी गेली. त्याच आठवड्यात ती भावाकडे एडवणला गेली. मग फोन यायचे, आणि मग एक दिवस ती गेल्याचा तिच्या भावाचा आला. माझ्या डोळ्यांपुढे अजून त्या गाडीशी उभी असलेलीच कुमुद येते.

जाताना माझ्याकडे एक खोकं ठेवून गेली. साहेबासाठी आणलेला उन्हाचा दिवा, न वापरलेला. "कुनाला लागला तर," म्हणाली. माळ्यावर आहे. मी तो काल फोन ठेवल्यावर खाली काढला, पुसला, आणि दारापाशी ठेवलाय.

तर मने, उद्या आधी त्या कासवाला जनावरांच्या डॉक्टरकडे दाखव, आणि तिथून तशीच इकडे ये. सुकट बंद. डब्यावर झाकण नको. कापडात गुंडाळून मांडीवर घेऊन ये, वारा लागेल असं. वाटेत त्याला हाताची पाठ लावून बघत राहा. आणि ऐक, पोरांनाही आण. मी घावन करते. फक्त उशीर करू नकोस गं, मला भ्या वाटतं.